पाच वह्या आणि एक दिवस: ऑटिस्टिक मुलाच्या तज्ज्ञांनी एकत्र काम कसे करावे

वर्तकनगरमधील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा नऊ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा सेमी-इंग्रजी शाळेत चौथीत आहे. तो मोजके शब्द बोलतो आणि बाकीचे हाताला धरून नेऊन किंवा चित्र दाखवून सांगतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, घरी येणाऱ्या विशेष शिक्षिका, वर्तनावर काम करणारे समुपदेशक आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञ अशी पाच माणसे त्याच्यासाठी काम करतात आणि प्रत्येकाची वही वेगळी आहे. जूनमध्ये वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेल्यापासून तो सकाळी बूट घालू देत नाही, मनगट चावतो आणि रात्री दोन-दोन तास जागा असतो. शाळा म्हणते, औषध सुरू करा. डॉक्टर म्हणतात, शाळेत काय होते ते आधी कळवा. एक तज्ज्ञ सांगतात, चावण्याकडे दुर्लक्ष करा. दुसऱ्या सांगतात, चावायला नळी द्या. "या सगळ्यांना एकत्र कसे आणायचे, आणि माझा मुलगा बरा आहे की नाही हे यांच्यापैकी नेमके कोणी पाहायचे?" असे त्यांनी विचारले आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि ठाण्यात व वाशीत मिळून २२ वर्षे याच मुलांबरोबर काम करते आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. मूल बरे असणे हा आमच्यापैकी कोणाच्याच शाखेचा विषय नाही. मी हालचाल आणि संवेदना पाहते, स्पीच थेरपिस्ट संवाद पाहतात, विशेष शिक्षिका वाचन आणि गणित पाहतात, डॉक्टर वजन, झोप आणि औषध पाहतात. प्रत्येकजण त्याचा एक तास पाहतो आणि त्या तासापुरते आपले काम चोख करतो. तो मात्र सगळे तास सलग जगतो, आणि त्या तासांची बेरीज त्याच्या अंगावर किती पडते हे कोणाच्याच वहीत लिहिलेले नसते. म्हणून तज्ज्ञांनी एकत्र येण्याचा माझ्या लेखी खरा अर्थ एवढाच आहे, की सर्वांनी मिळून ती बेरीज करायची आणि जिथे ती जास्त होते तिथे प्रत्येकाने आपापले काहीतरी सोडायचे. एकत्र बसून प्रत्येकाने आणखी एक उद्दिष्ट वाढवायचे असेल तर न बसलेलेच बरे.

जाता जाता एक खुलासा करते. 'स्वमग्न' हा शब्द मी जाणूनबुजून टाळते. त्या शब्दाने स्वतःतच बुडालेले मूल डोळ्यांसमोर येते, आणि माझ्या पाहण्यातली बहुतेक मुले तशी नसतात. पंख्याची घरघर, बाईंच्या बांगड्या, शेजारच्या बाकावरच्या डब्याचा वास हे सगळे त्यांच्यापर्यंत आपल्यापेक्षा जास्तच पोहोचत असते. सरकारी कागदांवर तो शब्द तुम्हाला भेटेल, तिथे तो चालवून घ्यावा लागतो.

चावणे आणि जागरण अलीकडेच सुरू झाले आहे, त्यामुळे बैठक ठरण्याची वाट न पाहता एक काम याच आठवड्यात करा. डॉक्टरांकडून त्याचे पोट, दात, कान आणि घसा नीट तपासून घ्या. शौचाला रोज होते का, खडा होतो का, हे तुम्ही स्वतःहून सांगा, कारण घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ते विचारले जाईलच असे नाही. क्षणभर हरवल्यासारखे होणे, झोपेत अंग ताठ होणे असे काही पाहिले असेल तर तेही सांगा. फेफरे, पोटाच्या तक्रारी आणि झोपेचे त्रास ऑटिस्टिक मुलांमध्ये इतरांपेक्षा अधिक आढळतात, आणि शरीराच्या आतून येणारी खूण ओळखणेच अनेकांना अवघड जात असल्यामुळे चांगले बोलणारे मूलसुद्धा 'इथे दुखते' असे सांगेल याचा भरवसा नसतो.

हे मी एका चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी ऐरोलीची आठ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येत असे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. ती अचानक मुठीने स्वतःच्या जबड्यावर मारून घेऊ लागली. तिला जबड्यावर दाब हवा आहे असे मी ठरवून टाकले, चावायला नळी दिली, चेहऱ्याला द्यायच्या दाबाचा कार्यक्रम आखून दिला आणि तीन आठवडे तो इमानेइतबारे चालवला. त्याच काळात स्पीच थेरपिस्टने तिच्या वहीत 'आज तोंड उघडायला नकार' अशी नोंद केली होती. विशेष शिक्षिकेने 'चिडचिड, डाव्या कुशीवर झोपून राहिली' असे लिहिले होते. आणि शाळेतल्या मावशींना हे ठाऊक होते, की तिच्या डब्यातली पोळी-भाजी रोज तशीच परत जाते आणि दहीभात दिला त्या दिवशीच डबा रिकामा होतो. शेवटी मावशींनीच तिच्या आजीला हे फाटकापाशी सांगितले. दंतवैद्यांना उजव्या दाढेच्या मुळाशी गळू सापडले. एकाच दाताचे चार तुकडे आम्हा चौघींकडे होते, आणि मी तर माझ्या तुकड्यावर उपचार करत बसले होते.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबाला मी पहिल्या महिन्यात एक काम देते. जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे पान घ्यायचे आणि त्यावर मुलाचा एक साधा मंगळवार उठल्यापासून झोपेपर्यंत लिहून काढायचा. कापूरबावडीच्या एका कुटुंबाने लिहिलेला मंगळवार माझ्याकडे अजून आहे. सहा दहाला उठवणे. सहा पन्नासला व्हॅन. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामापाशी अडकणे. साडेबारापर्यंत शाळा. घरी येऊन कपडे बदलणे, जेवण. अडीचला रिक्षाने माझ्याकडे. सव्वाचारला नौपाड्यात स्पीच. सहाला घरी विशेष शिक्षिका. सातला शाळेचा गृहपाठ. आम्ही त्या पानाच्या कडेला दोन आकडे मांडले. त्या दिवसात मुलाला सूचना देणारी मोठी माणसे अकरा होती. त्याने स्वतः निवडलेली वेळ सव्वासात ते साडेसात, म्हणजे पंधरा मिनिटे होती, आणि त्यातही आजोबा 'हात असे हलवू नकोस' म्हणत होते.

त्या पानावरून सर्वांना दिसले ते कोणाच्याही अहवालात नव्हते. मुलगा माझ्याकडे 'लक्ष देत नाही' असे मी लिहीत होते, ते आठ तास जागे राहून तीन ठिकाणे बदललेल्या मुलाविषयी लिहीत होते. थकलेल्या मुलाला शिकवलेले टिकत नाही हे आम्हाला सगळ्यांना कळते. ते दुसऱ्याच्या सत्रामुळे थकले आहे असे मात्र प्रत्येकाला वाटते. मी माझी दोन सत्रे एकावर आणली. विशेष शिक्षिकांनी शाळेच्या दिवशी येणे थांबवून शनिवारी सकाळी यायचे कबूल केले. वर्गशिक्षिकांनी गृहपाठ निम्मा केला. थेरपी कमी केली तर प्रगती थांबेल ही पालकांची भीती मी समजू शकते, आणि ती भीती आम्हीच त्यांच्यात रुजवली आहे हेही मला मान्य आहे. त्या मुलाचे पुढे काय झाले याची चमत्कारकथा सांगण्यासारखी नाही. तो साडेनऊला झोपू लागला आणि सकाळी व्हॅनमध्ये स्वतः चढू लागला. मला ते पुरेसे वाटले.

अशीच आणखी एक गोष्ट प्रत्येक बैठकीत निघते आणि प्रत्येक वेळी मला ओशाळायला होते. मूल 'आता पुरे' हे कसे सांगते, असे मी सर्वांना विचारते. एका मुलाच्या बाबतीत मिळालेली उत्तरे अशी होती: माझ्याकडे त्याला 'ऑल डन' म्हणायला शिकवले होते, स्पीचमध्ये दोन्ही तळहात उलटे करण्याची खूण होती, विशेष शिक्षिकांकडे लाल कार्ड होते, शाळेत हात वर करायचा होता आणि घरी आई 'संपलं' म्हणत असे. एका नकारासाठी पाच भाषा. त्याने माझ्यासमोर तळहात उलटे केले तेव्हा तो खेळतो आहे असे मला वाटले आणि मी सत्र पुढे रेटले. 'पुरे' म्हणूनही कोणी थांबत नाही, हे मूल दहा वेळा अनुभवते आणि अकराव्या वेळी चावते, कारण चावल्यावर सगळे नक्की थांबतात. म्हणून तुमच्या पाचही तज्ज्ञांकडून पहिल्या बैठकीत एकच करार करून घ्यायचा असेल तर हा घ्या: होय, नको, पुरे, दुखते आणि शौचालय या पाच गोष्टी सगळीकडे एकाच शब्दाने किंवा एकाच चित्राने सांगितल्या जातील, आणि 'पुरे' म्हटल्यावर निदान दोन मिनिटे थांबले जाईल. शब्द मराठी असावेत, कारण तो दिवसातला सर्वांत मोठा भाग तुमच्या घरात असतो.

मराठीवरून आठवले. घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळते, हा सल्ला आजही आमच्यातले काहीजण देतात. दोन भाषा ऐकल्याने ऑटिस्टिक मुलांची भाषावाढ मागे पडते याला संशोधनाचा आधार नाही. या सल्ल्याने आजी-आजोबा मात्र मुलाशी बोलेनासे होतात, आणि ज्या घरात आजी जेवू घालते तिथे हे नुकसान कोणत्याही शब्दसंख्येने भरून निघत नाही. चित्रांवर बोट ठेवून बोलण्याच्या साधनांविषयीही अशीच भीती असते की मूल मग तोंडाने बोलणारच नाही. अनुभव आणि अभ्यास दोन्ही उलटे सांगतात. ही साधने बोलणे थांबवत नाहीत, काही मुलांत ते वाढतेच. आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे मोफत ॲप मराठीत चालते, ते तुमच्या स्पीच थेरपिस्टना दाखवा.

आता हे सर्व जुळवायचे कोणी, हा प्रश्न उरतो. सध्या ते काम तुम्ही करता आहात. एकाचा निरोप दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, आणि मधल्या मध्ये दोघांचाही राग तुमच्यावर. हे थांबले पाहिजे. पाचांपैकी एकाला सूत्रधार करा. तो सर्वांत ज्येष्ठ किंवा सर्वांत महाग तज्ज्ञ असण्याची गरज नाही. मुलाला जो आठवड्यातून सर्वाधिक वेळा भेटतो आणि ज्याला 'मला माहीत नाही' म्हणायला संकोच वाटत नाही, तो निवडा. बहुतेक घरांत त्या विशेष शिक्षिका असतात. डॉक्टर हे काम क्वचितच करू शकतात, कारण ते मुलाला तीन महिन्यांतून एकदा पाहतात.

इथे पैशांचे बोलले पाहिजे, कारण सगळे गाडे तिथेच अडते. आमच्या व्यवसायात मुलाबरोबर बसण्याचे शुल्क मिळते, एकमेकांशी बोलण्याचे मिळत नाही. म्हणून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. यामागे दरवेळी अहंकार असतो असे नाही, पुष्कळदा नुसता संध्याकाळचा भाडेखर्च असतो. तेव्हा महिन्यातले एक सत्र मुलाशिवाय ठेवा. शुल्क तेच द्या आणि तो तास सूत्रधाराने शाळेशी व इतरांशी बोलण्यासाठी वापरावा असे लेखी ठरवा. मुलाला त्या दिवशी सुट्टी. हा उपाय मी सुचवते तेव्हा पालक आधी गोंधळतात आणि तीन महिन्यांनी त्यांना तोच तास सर्वांत उपयोगी वाटलेला असतो.

पहिली बैठक चाळीस मिनिटांपेक्षा लांबवू नका. ठाण्यातून वाशीला आणि वाशीतून ठाण्याला माणसे गोळा करणे अशक्य असते, म्हणून फोनवरची व्हिडिओ बैठक चालेल, पण वर्गशिक्षिकांना शाळेच्या वेळेत बसता येईल अशी वेळ घ्या आणि मुख्याध्यापकांची परवानगी आधी पत्राने मागा. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाच्या सोबत बसणाऱ्या मदतनीस, असतील तर त्यांना बोलवाच. या बहुधा कमी पगारावर राबणाऱ्या, कोणतेही प्रशिक्षण न मिळालेल्या तरुण मुली असतात. मुलाविषयी सर्वांत जास्त माहिती त्यांच्याकडे असते आणि बैठकीचे आमंत्रण त्यांना कधीच जात नाही. मावशींशी आणि व्हॅनवाल्या काकांशी सूत्रधाराने आधी स्वतंत्र बोलून घ्यावे. व्हॅनमध्ये तो गप्प कुठे होतो आणि कान कुठे झाकतो, हे काकांना अचूक माहीत असते.

बैठकीत तज्ज्ञांनी आपली परिभाषा दाराबाहेर ठेवावी, हे सांगायला तुम्ही कचरू नका. 'याला प्रोप्रिओसेप्टिव्ह इनपुटची गरज आहे' असे मी वर्षानुवर्षे शाळांना लिहून पाठवले आणि पन्नास मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या बाईंनी ते नीट घडी करून कपाटात ठेवले. आता मी लिहिते, 'दुसऱ्या तासानंतर वह्यांचा गठ्ठा कार्यालयात पोहोचवण्याचे काम याला द्या. जड वस्तू उचलून चालल्यावर तो शांत बसतो.' हे वर्गात खरोखर केले जाते. शाळांविषयी तक्रार करताना आम्ही हे विसरतो की सल्ला अमलात आणण्याजोगा नसेल तर तो सल्ला नव्हताच.

चावण्याबद्दल तुमच्या दोन तज्ज्ञांत मतभेद आहे, आणि माझ्या मते दोघेही घाई करत आहेत. दुर्लक्ष करायचे की नळी द्यायची, हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न तो केव्हा, कुठे आणि कशाच्या लगेच नंतर चावतो हा आहे, आणि त्याची नोंद कोणाकडेच दिसत नाही. वर्गशिक्षिकांकडून किंवा शॅडो टीचरकडून शाळेचे दहा दिवस फक्त तीन गोष्टी लिहून घ्या: वेळ, जागा, आणि त्याआधी काय घडले. दुसरा मजला म्हणजे काय काय असू शकते पाहा. परिपाठाचा लाऊडस्पीकर आता खिडकीच्या समोर आला असेल. जिन्यात मधल्या सुट्टीची रेटारेटी होत असेल. वर पत्र्याचे छप्पर असेल तर जुलैच्या पावसात तो वर्ग ताशाच्या आत बसल्यासारखा होतो. शौचालय खालीच राहिले असेल आणि तो दिवसभर धरून बसत असेल. इथून मी निदान करणार नाही, पण यांतले काहीही निघाले तरी त्याचे उत्तर मुलाला बदलण्यात नसेल. नोंदी आल्यावर एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे थांबा. पाच जणांनी एकाच सोमवारी पाच उपाय सुरू केले तर कशाने बरे वाटले हे कळत नाही, आणि कशाने बिघडले हे तर मुळीच कळत नाही.

काही मतभेद मात्र अधिक खोल असतात. डोळ्यांत पाहून बोलायला लावणे, हात हलवणे थांबवणे, तासभर मांडी घालून बसवणे ही उद्दिष्टे अजूनही आराखड्यांत दिसतात, आणि ती दिसली की मी विचारते, यातून सोय कोणाची होते? आपल्या स्वाभाविक हालचाली दडपून, 'इतरांसारखे' दिसण्यात दिवस घालवणे किती थकवते हे ऑटिस्टिक प्रौढांनी स्वतः लिहिले आहे, आणि अशा लपवण्याचा चिंता व नैराश्याशी संबंध अभ्यासांतही आढळला आहे. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की, न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही असे म्हणताना इतरांनाही त्याचे मन कळत नाही हे सोडून दिले जाते. आमच्या बैठकांना हे तंतोतंत लागू पडते. तो हात हलवतो तेव्हा कोणाला इजा होत नसेल तर ते उद्दिष्ट कागदावरून खोडा. मनगट चावण्याने इजा होते, म्हणून तिथे कारण शोधायचे.

औषधाचा निर्णय डॉक्टर आणि तुम्ही घ्याल. शाळेने तो सुचवणे मला रुचत नाही. मात्र औषध सुरू झालेच तर त्याचे परिणाम शाळेला माहीत असले पाहिजेत. चिडचिडीसाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनने अनेक मुलांची भूक वाढते आणि काहींना दिवसा झोप येते. हे माहीत नसलेल्या एका वर्गात मुलावर दुसऱ्यांचे डबे चोरल्याचा ठपका आला होता आणि समुपदेशकांनी 'चोरीच्या वर्तनावर' आराखडाही करून ठेवला होता. डॉक्टरांची एक ओळीची चिठ्ठी पुरली असती.

या सगळ्यात त्याचे स्वतःचे म्हणणे कुठे येते? नऊ वर्षांच्या आणि मोजके शब्द असलेल्या मुलालाही विचारता येते. त्याच्या दिवसातल्या जागांचे आणि माणसांचे साधे फोटो काढून छापून घ्या: व्हॅन, जिना, वर्ग, मधल्या सुट्टीचे मैदान, प्रत्येक तज्ज्ञाची खोली, आजीचा झोपाळा. तीन डबे मांडा: हवे, चालेल, नको. आधी खाण्याच्या वस्तूंवर सराव करा, म्हणजे 'नको'चा डबा त्याला नीट कळतो; मग एका वेळी पाच-सहा फोटो द्या, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करा, कारण एका दिवसाचे उत्तर त्या दिवसाच्या मनःस्थितीचे असू शकते. माझ्याकडे दोन वर्षे येणाऱ्या एका मुलाने माझ्या खोलीतल्या मोठ्या झोक्याचा फोटो दोन्ही वेळा 'नको'मध्ये टाकला. तो झोका हा माझ्या खोलीचा मानबिंदू होता आणि प्रत्येक नव्या पालकाला मी तो आधी दाखवत असे. त्याच मुलाने दाराजवळच्या पायपुसण्याचा फोटो 'हवे'मध्ये ठेवला. पुढची सत्रे आम्ही बरीचशी पायपुसण्यावर बसून केली.

आवडीच्या गोष्टीही सर्वांच्या सामाईक असाव्यात. माझ्याकडच्या एका मुलाला ट्रान्स-हार्बर या लोकल मार्गाची स्थानके क्रमाने म्हणायला आवडत: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव हे नवे स्थानक सुरू झाले आणि त्याची सगळी घडी विस्कटली. तो आठवडाभर गाडीत बसायला तयार नव्हता. तेव्हा शिक्षिकांनी तक्त्यावर त्याच्याच हाताने नवे नाव लिहून घेतले, स्पीच थेरपिस्टने नवी यादी त्याच्या लयीत बसवली, वडिलांनी रविवारी त्याला दिघा गावला उतरून फलक दाखवला. कोणत्याही आराखड्यात नसलेले हे काम तिघांनी फोनवर ठरवून केले, आणि एकत्र काम कसे दिसते असे कोणी विचारले की मला हेच आठवते.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण बैठकीच्या पहिल्या वाक्यात त्याचे नाव घेऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ऑटिझमला मान्य दिव्यांगत्वांत धरतो, आणि त्याच्या कलम १६ नुसार शासकीय निधीवर चालणाऱ्या किंवा शासनमान्य शाळांकडून मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयींची अपेक्षा आहे. वर्ग पुन्हा खालच्या मजल्यावर आणणे ही अशी सोय होऊ शकते. ती लेखी मागता येते. घरी येणाऱ्या विशेष शिक्षिकांची आणि स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का हे एकदा पाहून घ्या. खर्च झेपेनासा झाला तर वाशीतील नवी मुंबई महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र आणि खारघरमधील राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र येथे चौकशी करण्यासारखी आहे, आणि समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक शहर साधन केंद्रामार्फत शाळेला मदत करू शकतात.

व्हॉट्सॲपवर गट करणार असाल तर त्यात वेळा आणि निरोप एवढेच असू द्या. मेल्टडाउनचे, म्हणजे सहन न होऊन मूल अनावर होते त्या वेळचे, व्हिडिओ तिथे टाकू नयेत, शाळेने नाही आणि तुम्हीही नाही. डॉक्टरांना हवा असेल तर त्यांना एकट्यांना पाठवा आणि नंतर पुसून टाका. मुलाचा सर्वांत वाईट क्षण बारा जणांच्या फोनमध्ये पडून राहावा, याला त्याने कधी होकार दिलेला नाही.

पहिली बैठक गणपतीच्या आधी घ्या. त्यानंतर सहामाही परीक्षा लागतात, दहीहंडीपासून ठाण्यात आवाज सुरू झालेला असतोच, आणि मग सगळ्या वाईट दिवसांचे खापर ढोल-ताशांवर फुटते. बैठकीला जाताना मंगळवारचे ते पाठकोरे पान आणि दहा दिवसांच्या नोंदी एवढेच न्या, अहवालांची फाईल घरीच राहू द्या. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडून या दिवसातले काय कमी करता येईल? माझ्या अनुभवात पहिला अर्धा मिनिट कोणीच बोलत नाही. ती शांतता तुम्ही भरून काढू नका.